मुलांचा मेंदू आणि आजूबाजूची रसायनं: ठाणे-नवी मुंबईतले पालक विचारतात ते प्रश्न

मी ठाण्यात लहान मुलांच्या वाढ-विकासाची ओपीडी बघते. बोलायला उशीर, चंचलपणा, अभ्यासात मागे पडणं अशा तक्रारी घेऊन आईबाबा येतात. तपासणी होते, बोलणं होतं, आणि मग उठताना, एक हात दाराच्या कडीवर असताना, खरा प्रश्न येतो: "डॉक्टर, आमच्याकडे रात्री केमिकलचा वास येतो, त्यानं तर नाही ना झालं?" असे दारात उभं राहून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठे उत्तर लांबलं आहे, कुठे दोन ओळींत आटपलं आहे. जिथे घरी काही करता येतं तिथे मी जास्त बोलते.

त्याच घरात आम्हीही राहतो. आम्हाला काही होत नाही, मग मुलांनाच का?

तुमचा मेंदू बांधून झालाय, मुलाचा अजून बांधकामावर आहे. जन्मतः बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो, पहिल्या वर्षात दुप्पट होतो आणि पाचव्या वर्षापर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचतो. या काळात पेशी आपापल्या जागी जातात, एकमेकींना जोडल्या जातात, नको असलेले जोड तोडले जातात. हे ठरावीक क्रमानं होतं. स्लॅब ओतताना सळई चुकली तर वरून कितीही प्लास्टर करा, सळई चुकलेलीच राहते.

दुसरं कारण साधं आहे. वजनाच्या मानानं मूल आपल्यापेक्षा जास्त हवा घेतं, जास्त पाणी पितं, जास्त खातं. ते जमिनीवर असतं, जिथे धूळ बसते, आणि दिवसभर हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसापेक्षा चार ते पाच पट शिसं लहान मुलाच्या शरीरात शोषलं जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि जन्माआधीची कथा वेगळीच: वार, म्हणजे प्लॅसेंटा, बऱ्याच गोष्टी अडवते, पण शिसं आणि पाऱ्याचं सेंद्रिय रूप तिच्यातून सरळ पलीकडे जातं.

नक्की कोणत्या रसायनांबद्दल बोलतोय आपण? यादी द्या.

फिलिप ग्रँजीन आणि फिलिप लँड्रिगन या दोन डॉक्टरांनी २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच नावं ठामपणे मांडली: शिसं, मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याचं सेंद्रिय रूप), जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी, आर्सेनिक आणि थिनरमधलं टोल्युइन. २०१४ मध्ये त्यांनी आणखी सहा जोडली. त्यात मँगनीज, फ्लोराइड, डीडीटी, क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक, ड्रायक्लीनिंगमध्ये वापरतात तो एक द्राव आणि आग पकडू नये म्हणून सोफ्या-गाद्यांत घालत असत ते ब्रोमीनयुक्त पदार्थ आले. वाहनांच्या धुरातल्या बारीक कणांवरचा पुरावा या यादीबाहेर, पण भरभक्कम आहे.

यादी वाचून घाबरायला होतं, म्हणून माझा क्रम सांगते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या घरासाठी पहिलं शिसं. दुसरं शिसं. मग धूर, मग घरात फवारलेली कीटकनाशकं, मग मोठे मासे. फ्लोराइडचा खरा प्रश्न आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या बोअरवेलचा आहे. मोरबे किंवा भातसा धरणाचं पाणी पिणाऱ्यांनी त्याची झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

शिसं? पेट्रोलमधलं शिसं तर कधीच बंद झालं ना?

झालं. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आहे, आणि त्याचा मुलांना फार मोठा फायदा झाला. पण शिसं कुजत नाही, उडून जात नाही, त्याचं दुसरं काही होत नाही. जिथे पडलं तिथे राहतं. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी जो अहवाल काढला त्यात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. यातली सगळ्यात जास्त मुलं भारतात, साधारण साडेसत्तावीस कोटी.

आपल्याकडे ते येतं कुठून, तर:

जुना ऑइल पेंट. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९०, असावी हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेले दरवाजे, ग्रिल, पाळणे यांवर काय आहे हे देव जाणे. पिवळे, लाल, केशरी, हिरवे गडद रंग जास्त संशयित. भिंतीवरच्या डिस्टेंपरची मला फारशी चिंता नसते. दरवाज्याच्या चकचकीत रंगाची असते.

इथे स्वतःचीच फजिती सांगते. नौपाड्यात आमचं जुनं घर होतं. गणपती दहा दिवसांवर आलेले, दाराचा रंग पापुद्रे धरून सुटत होता. मी पॉलिश पेपर घेतला आणि रविवारी दुपारी दोन तास दार घासत बसले. खाली वर्तमानपत्रसुद्धा अंथरलं नाही. हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली विटकरी, असे तीन थर निघाले आणि त्यांचं पीठ उंबऱ्यावर, चपलांवर, मोदकांसाठी वाळत घातलेल्या तांदळाच्या पिठीवर. भावजय तेव्हा सहा महिन्यांची गरोदर, पलीकडच्या खोलीत झोपलेली. मी तेव्हा डॉक्टर झालेले होते, हे विशेष! कोरडं घासणं हा रंगातलं शिसं घरभर पसरवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे, हे मला पुढे कित्येक वर्षांनी समजलं. ती पिठी आम्ही चाळून घेतली आणि मोदक केले.

आता सणाआधी रंगकाम काढत असाल तर रंगाऱ्याला एवढंच सांगा: पाणी मारून घासा, पॉलिथिन अंथरा, आणि पोरांना व पोटुशी बाई असेल तर तिला आजीकडे पाठवा. काम संपल्यावर झाडू नका, ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. रंग शाबूत असेल तर खरवडूच नका, वरून नवा हात मारा.

बाकीच्या वाटा: इन्व्हर्टरच्या आणि रिक्षाच्या बॅटऱ्या उघडणारी दुकानं, भंगार आणि ई-कचऱ्याचं काम, सोल्डरिंग, रस्त्यावरची बिनमार्कची खेळणी. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघून घ्या. आणि शेंदूर. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. मारुतीच्या पायाचा शेंदूर बाळाच्या कपाळाला लावायची आपल्याकडे पद्धत आहे. कपाळावरचा शेंदूर दहा मिनिटांत हाताला आणि हाताचा तोंडात. मारुतीला नमस्कार करा, टिळा मोठ्यांनी लावा. हळदीपासून केलेल्या कुंकवाचं तसं नाही, पण बाजारातलं भडक कुंकू खरंच हळदीचं आहे का हे डोळ्यांना कळत नाही.

हळदीतही शिसं असतं म्हणे?

असू शकतं. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून लेड क्रोमेट चोळायची भेसळ आपल्या उपखंडात जुनी आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत ती सापडली; सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ मध्ये ती शून्यावर आली. दोन वर्षांत! मी हे उदाहरण मुद्दाम सांगते, कारण "आपल्याकडे काही होणार नाही" हे ऐकून कान किटलेत. घरात काय करायचं, तर सुटी, अति चमकदार हळद टाळा. सांगलीहून कुणी ओळखीचं आणून देत असेल तर उत्तमच.

मग रक्तात किती शिसं चालतं?

सुरक्षित असा आकडा नाही. अमेरिकेत १९९१ पासून १० मायक्रोग्रॅमला सीमारेषा मानत, २०१२ मध्ये ती ५ वर आणली, २०२१ मध्ये ३.५ वर. शिसं बदललं नाही, आपलं मोजमाप आणि समज सुधारली. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि दातांत शिसं जास्त तितकी वर्गातली कामगिरी कमी हे दाखवलं. ती मुलं दिसायला अगदी ठणठणीत होती. २००५ मध्ये सात अभ्यासांतल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र केली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. शिसं २.४ वरून १० वर गेलं तर बुद्ध्यांक सरासरी ३.९ गुणांनी घसरतो. १० वरून २० वर गेलं तर १.९ नं. म्हणजे पहिल्या थोड्या शिशानंच जास्त घाव होतो. "थोडंसं आहे, चालतंय की" हे इथे लागू पडत नाही.

तीनचार गुणांनी काय फरक पडतो? आमच्या शेजारचा गणू नापास होऊन बिल्डर झाला.

गणूचं अभिनंदन. एका मुलाच्या बाबतीत चार गुण तुम्हाला कधी कळणारही नाहीत, त्याच्या शिक्षिकेलाही नाही. पण आख्ख्या शहराच्या मुलांची सरासरी पाच गुणांनी खाली सरकली, तर ज्यांचा बुद्ध्यांक ७० च्या खाली जातो त्या मुलांची संख्या दीडपटीच्या पुढे जाते. ही वाढलेली मुलं कुणाच्या तरी घरातली असतात. वरच्या टोकाची, अतिशय हुशार मुलं निम्म्याहून कमी होतात ते वेगळंच. शिवाय शिशाचा परिणाम फक्त गणितावर होत नाही. लक्ष टिकणं, राग आवरणं, थांबून विचार करणं यांवरही होतो.

लक्षणं काय दिसतात?

बहुतेकदा काहीच नाही. पातळी बरीच वर गेली तर पोटदुखी, बद्धकोष्ठ, भूक मंदावणं, चिडचिड, फिकटपणा. यातलं प्रत्येक लक्षण दर दुसऱ्या मुलाला असतं, म्हणून त्यावरून ओळखायला जाऊ नका.

मग सगळ्यांनीच रक्त तपासून घ्यावं का?

मी सगळ्यांना सांगत नाही. घरात कुणी बॅटरी, भंगार, वेल्डिंग, सोल्डरिंग, जुना रंग काढण्याचं काम करत असेल. मूल माती, भिंतीचे पापुद्रे, खडू खात असेल. विकास मागे पडत असेल आणि कारण सापडत नसेल. रक्तक्षय औषधानं हलत नसेल, तर जरूर करा. शिरेतून घेतलेलं रक्त द्या. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळून आकडा फुगू शकतो. केसांची तपासणी करून "टॉक्सिन रिपोर्ट" देणाऱ्यांना पैसे देऊ नका.

आम्ही तळोजा / रबाळे / महापे एमआयडीसीजवळ राहतो. रात्री वास येतो. मुलाचा मेंदू खराब होईल का?

हा प्रश्न मला खारघरहून, कोपरखैरण्याहून, घणसोलीहून जवळजवळ दर आठवड्याला येतो. रागही समजतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीकाठची भटकी कुत्री निळी दिसायला लागली होती, एका कारखान्याचा रंग पाण्यात आणि हवेत सोडला गेला म्हणून. त्या कुत्र्यांचे फोटो जगभर गेले. जिथे कुत्री निळी होतात तिथे आईला झोप कशी लागणार?

तरी दोन गोष्टी वेगळ्या करूया. नाक फार तिखट असतं. काही वायू अत्यल्प असले तरी वास मारतात, आणि शिशाला, बारीक धूलिकणांना वास नसतो. त्यामुळे वास जास्त म्हणजे मेंदूला धोका जास्त असं गणित मांडता येत नाही, आणि वास नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. डोकं दुखत असेल, डोळे चुरचुरत असतील, मुलाला दम लागत असेल तर तेवढ्यावरच तक्रार करायला पुरेसं कारण आहे. तारीख, वेळ, वासाचं वर्णन, वाऱ्याची दिशा लिहून ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या; त्यांची प्रादेशिक कार्यालयं ठाण्यातही आहेत आणि नवी मुंबईतही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या दोनशे मेसेजपेक्षा पंचवीस सह्यांचा एक कागद कामाचा.

घोडबंदर रोडवरचा धूर?

याची मला एमआयडीसीच्या वासापेक्षा जास्त काळजी वाटते. न्हावाशेव्याच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रोचं खोदकाम, आणि त्यातून शाळेच्या गाड्या. बार्सिलोनात ३९ शाळांतल्या २,७०० हून जास्त मुलांची वर्षभर पाहणी झाली, निकाल २०१५ मध्ये आले. सात ते दहा वर्षांची मुलं वाढतात तशी त्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातलं काम करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवायची ताकद, वाढत जाते. कमी प्रदूषित शाळांत ती वर्षात ११.५ टक्के वाढली, जास्त प्रदूषित शाळांत ७.४ टक्के. आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. यावर मी आणखी काय बोलू!

तुमच्या हातातलं: बाबागाडी सायलेन्सरच्या उंचीवर असते, त्यामुळे हमरस्त्यावर मुलाला कडेवर घ्या किंवा आतल्या गल्लीतून जा. एक गल्ली आत गेलं तरी धूर बराच कमी होतो. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बंद, दुपारी उघड्या. शाळेबाहेर थांबलेल्या बसचं इंजिन बंद ठेवायला लावणं हे पालकसभेत मांडा, फुकटचा उपाय आहे. एअर प्युरिफायर घेतलात तर मूल झोपतं त्या खोलीत ठेवा, हॉलमध्ये पाहुण्यांसाठी नको.

गरोदर आहे. मासे बंद करू का?

अजिबात नको. आगरी-कोळ्यांच्या गावात राहून मासे सोडायचे हा कुणी सुचवलेला उपाय आहे ते तरी कळू दे. मेंदूला लागणारं ओमेगा-३, आयोडीन, प्रथिनं माशांत आहेत. प्रश्न पाऱ्याचा आहे. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. तिथे आया बऱ्यापैकी धडधाकट आणि पोटातली बाळं मात्र गंभीर आजारी निघाली. जगाला तेव्हा कळलं की वार सगळ्यापासून वाचवत नाही.

पारा लहान माशातून मोठ्यात, मोठ्यातून आणखी मोठ्यात साठत जातो. म्हणून मोठे, शिकारी, बरीच वर्षं जगणारे मासे टाळा: मुशी, मोठा कुपा, तलवार मासा. मोठी सुरमई गरोदरपणात क्वचितच. बोंबील, मांदेली, बांगडा, तारली, कोळंबी आठवड्यातून दोनतीनदा निर्धास्त खा. ठाण्याच्या खाडीच्या गाळात जड धातू साठलेले आहेत हे अनेक अभ्यासांत आलंय, त्यामुळे नाल्याच्या तोंडाजवळच्या शिंपल्या आणि निवट्या या नऊ महिन्यांत नकोत. खाडीला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा २०२२ मध्ये मिळाला, फ्लेमिंगोही येतात. गाळ मात्र जुनाच आहे.

रेल्वे रुळांलगतची पालक-मेथी?

धुतल्यानं माती जाते, मुळांतून आत गेलेला धातू जात नाही. रोज तीच भाजी नको. गाडीवाल्याला विचारा कुठची आहे. खरं सांगेल की नाही ते तुमच्या नात्यावर.

आरओवाला मीटर दाखवून म्हणाला पाणी विषारी आहे.

तो टीडीएस मीटर. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, साधं मीठ सगळं एकत्र मोजलं जातं. शिसं मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्या मीटरला ते दिसणंच शक्य नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल तर प्रयोगशाळेतून धातूंची तपासणी करा, मग काय ते ठरवा. आरओनं शिसं निघतं हे खरं; उकळल्यानं निघत नाही, उलट पाणी आटून प्रमाण किंचित वाढतं. जुनी नळजोडणी असेल तर रात्रभर नळीत उभं राहिलेलं पाणी सकाळी बादलीत काढून झाडांना घाला आणि पुढचं प्या.

डासांचं काय करायचं? खाडीकाठी कॉइलशिवाय झोप नाही.

डेंग्यू-मलेरिया हा आजचा, खरा धोका आहे, तेव्हा डास चावू द्या असं मी म्हणणार नाही. पण एक कॉइल जळून संपते तेव्हा त्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात, असं २००३ मध्ये मोजलेलं आहे. तीही बंद खोलीत, पाळण्याखाली. "धूर नाही" असं लिहिलेल्या कॉइलवरही विसंबू नका. खिडक्यांना जाळी, पाळण्याला मच्छरदाणी, कुंड्यांखालच्या बशांतलं पाणी ओतणं. द्रवाचं यंत्र लावायचंच तर मूल खोलीत येण्याआधी तासभर लावा, मग बंद करून खिडकी उघडा.

सोसायटी वाळवीसाठी फवारणी करतेय.

काय फवारणार त्याचं नाव लेखी मागा. क्लोरपायरिफॉस आपल्याकडे वाळवीसाठी सर्रास वापरतात. अमेरिकेनं ते घरगुती वापरातून २००१ मध्येच काढलं. न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात ज्या बाळांना पोटात असताना ते जास्त मिळालं, त्यांची सातव्या वर्षी स्मृती आणि बुद्ध्यांक कमी आढळला. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर दुसरं औषध किंवा खाचांत भरायचं जेल मागा आणि दोनतीन दिवस घर सोडा. परत आल्यावर फरशी साबणाच्या पाण्यानं पुसा, खेळणी धुवा. झुरळांसाठीचा खडू तर घरात आणूच नका. मुलाच्या हाताला तो खडूच वाटतो.

बाळाला धुरी, काजळ, गुटी, सुवर्णप्राशन?

आज्यांशी भांडण नको म्हणून हा प्रश्न सुना एकट्या असताना विचारतात. धुरीचा हेतू प्रेमाचा आहे, पण शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं जाळून त्या धुरात दोन आठवड्यांचं बाळ धरणं म्हणजे त्याच्या इवल्या फुफ्फुसांना वाहनांच्या धुरातला तीनहात नाका दाखवणं. आंघोळ, मालिश, शेक ठेवा, धूर वगळा. काजळ घरचं तुपाच्या दिव्यावरचं असलं तरी डोळ्यांत नको, आणि बाजारातल्या सुरम्यात शिसं सापडतं. तीट लावायचीच तर तळपायाला, मोजा घालून.

औषधांचं मात्र बारकाईनं बघा. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म, कज्जली म्हणजे पारा आणि गंधक. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. सगळं आयुर्वेद वाईट असं यातून निघत नाही. पण पुष्य नक्षत्रावर रांगेत उभं राहून सुवर्णप्राशनाचे थेंब पाजताना त्या बॅचचा धातू-तपासणी अहवाल मागणं हा तुमचा हक्क आहे. चांगला वैद्य रागावणार नाही.

कापराची पोटली बाळाच्या गळ्यात बांधू नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात, तेही मिनिटांत.

प्लास्टिकचे डबे, वर्तमानपत्रातला वडापाव?

गरम आणि तेलकट प्लास्टिकमध्ये नको, एवढं पाळलं तरी बरंच. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स आणि बिस्फेनॉल हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. युरोपनं २०११ मध्येच दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए काढलं. शाळेचा डबा स्टीलचा. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, शाई गरम तेलात उतरते. वडापाव खा हो, फक्त स्वतःची डिश पुढे करा.

हिंदालियमची भांडी?

भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून केलेल्या भांड्यांतून शिसं अन्नात उतरतं. आंबट आमटी, सार, चिंचेचं कालवण यांत जास्त. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं हिंदालियमचं नाव घेऊन इशारा दिला. आंबट पदार्थ स्टीलमध्ये करा. पितळेला कल्हई करून घेता तेव्हा कथील शुद्ध आहे का विचारा.

लसीतल्या पाऱ्यानं ऑटिझम होतो का?

नाही. लसीनं ऑटिझम होतो ही अफवा १९९८ च्या ज्या लेखानं सुरू झाली तो 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला. त्यातल्या एमएमआर लसीत पारायुक्त संरक्षक कधी नव्हतंच. गोवर मात्र मेंदूला सूज आणू शकतो. लस घ्या.

खाण्यापिण्यात काय बदल करू?

लोह आणि कॅल्शियम. शिसं शरीराला फसवतं. कॅल्शियमच्या वेशात आत शिरतं. पोटात लोह-कॅल्शियम पुरेसं असेल तर त्याला कमी वाव मिळतो, उपाशी पोटी जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. ही मुलं तेवढंच शिसं खाऊन जास्त शोषून घेतात. म्हणून माझ्या चिठ्ठीवर "डिटॉक्स" कधीच नसतं, लोहाचं औषध असतं. नाचणीचं सत्त्व, अळीव, हिरव्या भाजीवर लिंबू, अंडं, सुकट. जेवणाआधी हात साबणानं.

आधीच नुकसान झालं असेल तर भरून येतं?

खरं सांगते. शिशानं गेलेले गुण औषधानं परत येत नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेत ७८० मुलांवर चाचणी झाली: शिसं बाहेर काढायच्या औषधानं रक्तातला आकडा खाली आला, पण बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. ते औषध ४५ च्या वरच्या पातळीला, जीव वाचवायला लागतं. त्याखाली उगाच देऊ नये.

पण मेंदू लवचीकही असतो. बोलणं, गोष्टी, खेळ, वेळेवर थेरपी यांनी मूल पुढे सरकतं, कारण काहीही असो. दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं काही विसरत असेल तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासतात, पुढचे उपचार मोफत. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून.

माझं बॅटरी दुरुस्तीचं काम आहे. धंदा सोडू का?

हा प्रश्न एका बाबांनी विचारला होता, कळव्याचे. मुलगा अडीच वर्षांचा, जेवत नव्हता, रक्तातलं शिसं वाढलेलं. दुकान घरापासून लांब, मूल तिथे कधी गेलेलं नाही, मग शिसं आलं कुठून? मी त्यांचा दिवस विचारत गेले. रात्री नऊला घरी येतात, मुलगा दारात पळत येतो, ते त्याला उचलून छातीशी धरतात. त्यांच्या शर्टाचा खिसा राखाडी झालेला होता, मी समोरच बघत होते.

धंदा सोडायला सांगितलं नाही, सोडून खाणार काय. दुकानात वेगळे कपडे आणि चपला, तिथेच बदलायचे. घरी निघण्याआधी हात, तोंड, केस धुवायचे. कामाचे कपडे मुलाच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. घरात केरसुणीऐवजी रोज ओलं फडकं. मुलाला लोह सुरू केलं. पुढच्या तपासणीला आकडा खाली आला होता, पुरता नाही, पण आला होता. बाबा म्हणाले, "आता तो दारात येतो आणि मी म्हणतो थांब, आंघोळ करून येतो. तो बाथरूमच्या दाराशी बसून राहतो."